सर्व्हिसिंगला नेलेली गाडी

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, वेगाची भीती वाटते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्यांचा धंदा ऐकल्यावर यावर कोणाचा विश्वास बसत नाही. दाजी गाड्या घेतात आणि विकतात, आणि त्याही साध्यासुध्या नाहीत. जमिनीला टेकलेल्या, रुंद टायरच्या, चालू केल्या की शेजारच्या खिडक्यांच्या काचा थरथरतील अशा. स्वतः मात्र ते पिठाच्या रंगाची एक चौकोनी जुनी गाडी चालवतात, तीही अशी की सायकलवाले आम्हाला मागे टाकतात आणि वर वळून बघतात.

मंदी आली तेव्हा माझी नोकरी गेली. मी एका प्रवास कंपनीत होते आणि लोकांनी प्रवासच बंद केला होता. ताई म्हणाली, "घरात बसून भिंतींशी भांडण्यापेक्षा यांच्या यार्डात जा आणि फोन घे." मी तोंड वाकडं करूनच गेले. यार्ड म्हणजे एका बंद पडलेल्या फरशीच्या कारखान्यामागची मोकळी जागा. वर पत्रे, कोपऱ्यात काचेची केबिन, केबिनमध्ये एक टेबल, एक किटली आणि झाकण हरवलेला बिस्किटांचा डबा. पत्र्याखाली त्या चकचकीत गाड्या ओळीने उभ्या, आणि प्रत्येकीमागे कोणाचा तरी बसलेला धंदा. पहिल्याच दिवशी मी दाजींना तोंडावर सांगितलं, "हे म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं."

दाजींना राग येत नाही, ही त्यांची सगळ्यात चीड आणणारी सवय. ते एका गाडीची काच पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "खातो, मेव्हणीबाई. पण हात धुऊन खातो."

हात धुऊन म्हणजे काय ते मला हळूहळू दिसलं. दाजी जाहिराती वाचत नाहीत. जाहिरात देईपर्यंत माणूस घायकुतीला आलेला असतो, आणि घायकुतीला आलेल्या माणसाशी भाव करायची त्यांना लाज वाटते. ते मोठमोठ्या इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हिंडतात. वॉचमन आणि गाड्या धुणारे हे त्यांचे जुने दोस्त, कारण तरुणपणी दाजींनी स्वतः एका हॉटेलच्या पोर्चमध्ये पाहुण्यांच्या गाड्या पुसल्या आहेत. फडकं घेऊन गाडीला हात लावायला ते तिथे शिकले. चालवायला मात्र तिथे कोणी दिलं नाही, आणि पुढे वय झाल्यावर धीर झाला नाही. तर तळघरात हिंडताना त्यांना सगळं कळतं. रोज धुतल्या जाणाऱ्या गाडीच्या कव्हरवर धूळ साचली, किंवा भारी टायर जाऊन हलके टायर आले, किंवा मालक स्वतःच बादली घेऊन खाली यायला लागला, की दाजी ओळखतात. अशी गाडी म्हणजे हत्तीच. घेताना हौस पुरवते, पण मंदीत तिचं खाणंपिणंच मालकाला बसवतं. म्हणून सगळ्यात आधी तीच निघते, आणि पडेल भावात निघते.

भाव दाजी एकदाच सांगतात. तो बाजारापेक्षा थोडा जास्तच असतो, यावरून ताईचं आणि त्यांचं कायम वाजतं. सौदा ठरण्याआधी मालकाने गाडी चालवायची आणि दाजींनी शेजारी डोळे मिटून बसायचं, असा रिवाज. मालकाला वाटतं, काय कान आहेत या माणसाचे, नुसत्या आवाजावरून इंजिन ओळखतो! मला विचाराल तर ते जीव मुठीत धरून बसलेले असतात.

आणि गाडी न्यायला जाताना दाजी निळा शर्ट घालतात. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सर्व्हिसिंग', त्याखाली यार्डाचा फोन नंबर. हातात हत्यारांची पेटी. दारात उभं राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "साहेब, ऑइल बदलायला झालंय, घेऊन जातो गाडी." गल्लीला वाटतं, गाडी सर्व्हिसिंगला गेली. मग मालकाने आपल्या तोंडाने, आपल्या सवडीने सांगावं की कंटाळा आला, विकून टाकली.

हे सोंग कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी एकदाच उत्तर दिलं, तेही माझ्याकडे पाठ करून. ते लहान असताना त्यांच्या वडिलांचं शिलाई मशिनचं दुकान बुडालं. भर दुपारी मशिनं ट्रकमध्ये चढली आणि सगळी गल्ली गॅलऱ्यांमध्ये उभी राहून बघत होती. त्यांची आई दाराआड हातात झाडू घेऊन उभी होती, झाडायला काही उरलं नव्हतं तरी. "मशिनं गेली त्याचं तिने कधी नाव काढलं नाही," दाजी म्हणाले. "लोक बघत होते, ते मात्र मरेपर्यंत विसरली नाही." त्यानंतर मी लोण्याचा विषय काढला नाही.

लाल गाडी आली ती याच मंदीत. दोनच सीटांची, लांब नाकाची. तिच्या मालकाचा धंदा नव्या इमारतींना लिफ्ट पुरवण्याचा. इमारती अर्ध्यावर थांबल्या, तसा त्याचा धंदाही दोन मजल्यांच्या मध्ये अडकला. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, एवढीच माणसं. दाजींनी भाव सांगितला, त्याने मान डोलावली. जास्त काही मागितलं नाही. फक्त एवढंच म्हणाला, "आईला कळता कामा नये. मी सांगेपर्यंत तरी नाही."

मग त्याने कारण सांगितलं. दर रविवारी सकाळी तो आईला त्या गाडीतून गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर न्यायचा. सीट खोल आणि आईचं कंबरडं दुखरं, म्हणून तिच्या जागेवर निळ्या फुलांची एक उशी. तो तिला दोन्ही हातांनी उचलून आत बसवायचा आणि रस्ता मोकळा मिळाला की गाडी सोडायचा. "बाबा गेल्यापासून आई हसली असेल तर ती या गाडीत," तो म्हणाला. दाजींनी त्याचा हात हातात घेतला आणि शब्द दिला. दाजींनी शब्द दिला की ताई घरखर्चाची वही काढून बसते, आणि ते बरोबरच आहे.

गाडी आणायच्या दिवशी पंचाईत झाली. आमचा ड्रायव्हर चांगली नोकरी मिळाली म्हणून नुकताच सोडून गेला होता. मी म्हटलं, मी चालवते. तर दाजी म्हणाले, "सर्व्हिसिंगवाला कधी मेव्हणीला घेऊन येतो का? तुम्ही कोपऱ्यावर थांबा." मी पिठाच्या रंगाच्या गाडीत कोपऱ्यावर थांबले आणि पुढचा सगळा तमाशा बघितला.

लिफ्टवाल्याने किल्ली दिली. मग गाडीचं दार उघडून तो ती उशी काढून घ्यायला वाकला. तेवढ्यात त्याची नजर वर गेली. आई खिडकीत उभी होती, हात हलवत होती. त्याचा हात उशीवरच थांबला. त्याने ती दोनदा थोपटली, नीट केली, आणि तिथेच ठेवून दार लावलं. सर्व्हिसिंगला जाणाऱ्या गाडीतली उशी कोणी काढत नाही ना.

दाजी आत बसले. इंजिन गरजलं, गाडीने एक उडी मारली आणि फाटकाच्या मधोमध बंद पडली. पुन्हा गरजली, पुन्हा बंद पडली. दाजी खाली उतरले, कपाळाचा घाम पुसला, खिडकीकडे पाठ करून एका टायरकडे बराच वेळ गंभीरपणे पाहिलं, जणू सगळा दोष त्याचाच होता, आणि परत आत बसले. शेवटी कशीबशी गाडी रस्त्याला लागली. जी गोष्ट गल्लीपासून लपवायची ती सगळ्या गल्लीने कामं सोडून पाहिली. लिफ्टवाला फाटकात उभा होता आणि आई वरून हात हलवतच होती.

चार दिवसांनी यार्डात फोन वाजला. "आमची लाल गाडी झाली का हो?" आवाज म्हातारा, पण खणखणीत. मी म्हटलं, एक पार्ट यायचा आहे. "कुठून?" मी म्हटलं, बाहेरून. "बरं, येऊ दे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी दाजींकडे बघितलं, दाजी किटलीकडे बघत होते.

मग फोन येतच राहिले. पार्टची चौकशी दोन वाक्यांत संपायची आणि आजी इकडचं तिकडचं विचारत बसायच्या. तुमच्याकडे गाड्या पुष्कळ येतात का, त्या इकडून तिकडे कोण नेतं, माणसं किती आहेत. एकट्या म्हाताऱ्या बाईचा वेळ जात नसेल, असं मला वाटायचं. मी आपली खरं सांगायचे. गाड्या आहेत, न्यायला माणूस नाही, होता तो गेला. एकदा मात्र त्या म्हणाल्या, "मुलगा हल्ली खाली उतरतच नाही गं. रविवारी सकाळी उठतो, दाढी करतो, शर्ट घालतो, आणि मग त्याला आठवतं. तसाच शर्ट घालून दिवसभर पलंगावर बसून राहतो." मी म्हटलं, पार्ट लवकरच येईल. फोन ठेवला आणि मला रडू आलं.

दाजींना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. "माझ्या सोंगाने म्हातारीला वाट बघायला लावलं," एवढंच म्हणाले. लोकांच्या नजरेपासून वाचवायला काढलेली युक्ती, ती घरातल्याच माणसाला लागेल हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्यातच गिऱ्हाईक आलं. दातांची डॉक्टरीण, हसरी, मोठ्या आवाजाची. मंदी असो नाही तर तेजी, दात दुखायचे थांबत नाहीत, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं. अशी गाडी घ्यायचं तिच्या मनात शाळेपासून होतं, आणि आता ती आवाक्यात आली होती. लाल गाडीभोवती तिने एक चक्कर मारली आणि तिथेच हो म्हणाली. दाजी म्हणाले, "बाई, अजून तिचं काम चाललंय." उभ्या आयुष्यात दाजींनी गिऱ्हाइकाला मारलेली ही पहिली थाप. गाडी बघून आंधळ्यालाही कळलं असतं की तिचं काडीचं काम बाकी नाही. डॉक्टरीण म्हणाली, थांबते, पण फार नाही. घरी ताईने आवाज चढवला. मोठं गिऱ्हाईक कित्येक आठवड्यांत फिरकलं नव्हतं. ही गाडी अडवून ठेवली तर यार्डाला कुलूप लागणार होतं. तिचंही चुकत नव्हतं. दाजी मान खाली घालून जेवले आणि म्हणाले, "त्याने आईला सांगितलं नाही तोवर ती गाडी मी विकू कशी? रस्त्यात कोणाच्या तरी हाती दिसली म्हणजे?"

आणि मग एका सकाळी फाटकाशी टॅक्सी थांबली. काठी टेकत एक ठेंगणी बाई खाली उतरली. सरळ ओळीतून चालत लाल गाडीपाशी गेली, काचेतून आत डोकावून उशी आहे ना बघितलं, आणि केबिनमध्ये आली. मी उभी राहिले. "आजी, तो पार्ट..."

"पार्ट ठेव बाजूला," त्या बसत म्हणाल्या. "चहा आहे का?"

दाजी हातातलं फडकं घेऊन दारात उभे राहिले. आजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांना हसूच फुटलं. "सर्व्हिसिंगचा माणूस असा गाडी काढतो का हो? सर्व्हिसिंगवाले एका हाताने गाडी नेतात, दुसऱ्या हाताने रेडिओ लावतात. तुम्ही फाटकात इतका वेळ पाठ करून उभे होतात की शर्टावरचा नंबर मला तोंडपाठ झाला. तेव्हाच कळलं, गाडी गेली."

दाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी विचारलं, "मग आजी, तुम्ही रोज फोन कशाला करत होतात?"

"तुमच्याकडे काम आहे का ते बघत होते," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही गं. तो गाडी फार सुंदर चालवतो. या अशा गाड्या त्याच्यासारख्या कोणाला कळत नाहीत. लिफ्टचं जेव्हा व्हायचं तेव्हा होईल, पण तोवर तो त्या खोलीत बसून राहिला तर माझा मुलगाच माझ्या हाती लागायचा नाही. त्याला काम द्या. तुम्हाला माणूस हवाय, आणि तुम्हाला गाडी चालवता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय."

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आणि मला कळलंय हे त्याला सांगू नका. सगळं गेलं, पण आईला कळू दिलं नाही, एवढी एकच गोष्ट तो सांभाळून आहे. तीही मी काढून घेऊ?"

दाजींनी त्यांनाही शब्द दिला. म्हणजे एकाच घरातल्या दोन माणसांना एकाच गोष्टीवरून एकमेकांविरुद्ध दोन शब्द. मी कपाळावर हात मारला.

त्याच दुपारी दाजींनी लिफ्टवाल्याला फोन लावला. मी शेजारीच होते. धंद्यात इतकी वर्षं जी गोष्ट त्यांनी डोळे मिटून लपवली, ती त्यांनी त्या माणसाला सरळ सांगितली. "साहेब, मला या गाड्या चालवता येत नाहीत. भीती वाटते. माझ्याकडे माणूस नाही. तुम्ही याल का?" पलीकडून हसण्याचा आवाज आला, गंजलेलं दार उघडावं तसा. "ते मी फाटकातच पाहिलं होतं," तो म्हणाला.

तो दुसऱ्या दिवशी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आठवडाभरात ओळीतल्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या, टायर, ब्रेक त्याने बघून टाकले. लाल गाडीपाशी मात्र जायचा नाही. आजींना कळलंच होतं, तेव्हा गाडी विकायला आता आडकाठी नव्हती. मग दाजींनीच विषय काढला. "रविवारी दुपारी ती डॉक्टरीणबाईंकडे पोचवायची आहे. त्यांना मी तसं सांगितलंय. पण सकाळी आईंना एक चक्कर मारून आणा. सर्व्हिसिंग झाल्यावर ट्रायल घ्यावीच लागते." तो फडकं घेऊन गाडी पुसायला लागला, आणि अंधार पडेपर्यंत पुसत राहिला.

रविवारी दाजी आणि मी मागोमाग निघालो, कारण गाडी पोचवल्यावर त्याला परत आणायचं होतं. म्हणजे मागोमाग निघालो असं म्हणायचं. सरळ रस्ता लागला आणि लाल गाडी एक आवाज करून दिसेनाशी झाली. आम्ही आपले पिठाच्या गाडीत चालत राहिलो. थोड्या वेळाने ती समोरून परत आली आणि शेजारून निघून गेली. क्षणभरच दिसलं, पण दिसलं. आजींचं बोळकं उघडं होतं, केस उडत होते, आणि मुलगाही हसत होता. दाजींनी स्टिअरिंग सोडून टाळी वाजवली आणि घाबरून लगेच पुन्हा धरलं.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी त्यांच्या फाटकाशी उभी होती. त्याने आईला दोन्ही हातांनी उचलून बाहेर घेतलं, काठी हातात दिली. "चल, तुला वर सोडतो. मग गाडीत पेट्रोल भरून येतो," तो म्हणाला. दाजींनी शिकवलेलंच वाक्य असणार, कारण त्यात काही दम नव्हता.

आजी दोन पावलं गेल्या आणि मागे वळल्या. गाडीशी आल्या, वाकल्या, आणि सीटवरची उशी ओढून काढली. झटकली. काखेत धरली.

"राहू दे ना आई," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी लागेल."

"ही माझी आहे," आजी म्हणाल्या. मग मोकळा हात त्यांनी त्याच्या गालावर ठेवला. "जा, गाडी पोचवून ये. मी जेवायला थांबते."

तो त्या ठेंगण्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकता यावं म्हणून जवळजवळ गुडघ्यांवर आला. भर गल्लीत, शेजाऱ्यांदेखत, एवढा मोठा माणूस रडला, आणि आजी उशीसकट त्याला धरून उभ्या होत्या. गॅलरीत कोणी बघत होतं की नाही, याची त्या दोघांना शुद्धच नव्हती. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, आणि दोन्हीतलं एकही कमी करता येईना.

थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं, गाडीत बसला आणि फाटकातून गाडी अशी काढली की कळलंसुद्धा नाही. आजी त्या दिवशीसारखा हात हलवत नव्हत्या. गाडी वळेपर्यंत नुसत्या बघत होत्या.

दाजींचा चष्मा रडून ओला झाला होता, त्यातून काही दिसत नव्हतं, म्हणून मी त्यांना पलीकडच्या सीटवर सरकवलं आणि स्टिअरिंगवर बसले. त्यांना सांभाळून घेत नेहमीच्या चालीने निघाले. कोपरा गेला, चौक गेला. लाल गाडी लांब पुढे होती, लहान लहान होत चाललेली. दाजी मान उंच करून ती शोधत होते, एक हात दाराच्या कडीला घट्ट धरून.

"मेव्हणीबाई," ते म्हणाले, "जरा दाबा की. पोरगं पुढे एकटंच आहे."